सायकलवरचं ओझं
(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेलं भाषण)



कार्यकारिणीकडून फोन आला की यंदा एक दिवस तुम्ही बोला. विषय कोणता घेणार म्हणून विचारलं तेव्हा आम्ही सांगितलं, सायकलवर सामान कसं न्यावं. पलीकडचे गृहस्थ थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "अहो, त्यात बोलण्यासारखं काय आहे? कॅरियरला बांधायचं आणि निघायचं." मंडळी, हे एवढं सोपं असतं तर आज आपल्या घराघरांतल्या सायकली माळ्यावर किंवा गोठ्याच्या भिंतीला टेकून गंजत पडल्या नसत्या.

आधी आमची ओळख करून देतो. आम्ही म्हणजे कुळगी आणि त्याच्या आसपासच्या वस्त्यांतून दांडेलीला सायकलने येजा करणारे पाच जण. कुळगी आपल्याला ठाऊक आहे. जोयडा तालुक्यात, दांडेलीहून अंबिकानगरकडे जाताना लागतं. पाहुणे तिथल्या निसर्ग शिबिरात तंबूत राहायला येतात, आणि आम्ही त्यांच्यासमोरून डबा घेऊन कामावर जातो. आमच्यापैकी बहुतेक जण सरकारी नोकरीत, सगळे चाळिशी ओलांडलेले. इथे उभा एक जण आहे, पण बोलणं पाचांचं आहे. रस्त्यात एकमेकांशी भांडून भांडून जे ठरलं तेच सांगतो.

आमचं पहिलं म्हणणं असं की माणूस सायकल सोडतो ती अंतरामुळे नव्हे, पिशवीमुळे. दहा-बारा किलोमीटर अंतर धट्ट्याकट्ट्या माणसाला पाऊण तासाचं. तेवढं कोणीही चालवतो. पण सकाळी निघताना डबा, पाण्याची बाटली, रेनकोट, चष्म्याचं घर, कधी ऑफिसची फाइल. संध्याकाळी परतताना दोन किलो साखर, तेलाची पिशवी, भाजी, म्हातारीची औषधं, पोराला वह्या. हे सगळं ठेवायचं कुठे? एक पिशवी हँडलच्या डाव्या मुठीला, एक उजव्या मुठीला, डबा कॅरियरच्या चापात, उरलेलं पाठीवर. गुडघा पिशवीला आपटतो, पाठ घामाने भिजते, डब्यातली आमटी फाइलवर सांडते. असं आठ दिवस झालं की माणूस म्हणतो, नको ही सायकल. दुचाकीचा हप्ता परवडत नसला तरी काढतो. आमच्यातल्या तिघांनी मधली काही वर्षं असंच केलं होतं. म्हणून हे सांगण्याचा अधिकार आम्हाला आहे.

आता पाठीवरच्या सॅकचं बघू, कारण आजच्या तरुण मुलांना तीच सोपी वाटते. आपल्या हवेत जून ते सप्टेंबर पाऊस आणि उरलेले बरेच महिने घाम. सॅक पाठीला चिकटली की शर्टाचा मागचा भाग ऑफिसात पोचेपर्यंत पिळून काढावा असा होतो. ते एक वेळ चालेल. पण पाठीवर पाच किलो असले की तो भार मणक्यातून सीटवर येतो, आणि बसण्याच्या जागेला काय होतं ते इथे भगिनी बसल्या आहेत म्हणून सांगत नाही. त्यात पुढे वाकून चालवायची नवी सायकल असेल तर मान आणि मनगटं दुखतात ती वेगळी. ओझं सायकलला द्यावं, अंगावर घेऊ नये. सायकलला पाठ दुखत नाही.

सायकलला द्यायचं तर कुठे द्यायचं, हा खरा प्रश्न.

आपल्या वाडवडिलांना हे ठाऊक होतं, फक्त सायकल नव्हती. जुन्या घरांत पडशी असायची, आठवते का? दोन्ही टोकांना खिसे असलेली लांब पिशवी. ती खांद्यावर टाकली की एक खिसा पुढे, एक मागे. बाजाराला जाणारा माणूस दोन्ही खिशांत सारखं सामान भरायचा, कारण एका बाजूला जड झालं की ती घसरते. कावडीचंही तेच. आणि वंजारी-लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर गोणी घालून घाट उतरायचे, धान्य खाली आणि मीठ वर. त्या गोणी बैलाच्या दोन्ही अंगांना, पोटाच्या बाजूने लोंबत असायच्या. पाठीवर उंच ढीग रचला असता तर बैल पहिल्याच वळणावर कोलमडला असता. सायकलसुद्धा एक प्रकारचा बैलच आहे, फक्त पातळ.

आमचे खरे गुरू म्हणजे आपल्याच भागातले गवळी. हल्याळ, येल्लापूर, जोयडा या तालुक्यांत रानात वस्त्या करून राहणारी ही माणसं घरात आपल्या मराठीच्या जवळची बोली बोलतात. आम्ही लहान असताना दुधाचे कॅन लावलेल्या त्यांच्या सायकली सकाळी दांडेलीकडे येताना दिसायच्या. आता बहुतेकांकडे मोटारसायकली आल्या, पण कॅन लावायची तऱ्हा बदललेली नाही. कॅरियरच्या दोन्ही बाजूंना लोखंडी आकडे, त्यात कॅन अडकवलेले, कॅनचा तळ मागच्या चाकाच्या आसाच्या थोडा खाली. वीस लिटर दुधाचं वजन वीस किलोंहून थोडं जास्तच भरतं, त्यात कॅनचं वजन वेगळं. असे दोन कॅन घेऊन माणूस खड्ड्यांच्या रस्त्याने चालला आहे, आणि बाजूला चालणाऱ्याशी गप्पाही मारतो आहे. आम्ही एकदा एका म्हाताऱ्या गवळ्याला विचारलं, एक कॅन रिकामा झाला की काय करता? तो म्हणाला, दोन्हींत अर्धं अर्धं करतो, आणि अर्धा कॅन हिंदकळतो म्हणून वरून झाकण घट्ट. एवढंच. कुठल्याही पुस्तकात याहून जास्त काही लिहिलेलं आम्हाला सापडलं नाही.

शहरात हेच गॅसच्या सिलिंडरबाबतीत दिसतं. घरगुती सिलिंडरमध्ये 14.2 किलो गॅस, आणि लोखंडासकट तो तीस किलोंच्या घरात जातो. मुंबई-पुण्याकडे सिलिंडर पोचवणारी माणसं सायकलच्या मागे दोन्ही बाजूंना आकड्यांनी सिलिंडर लटकवून नेताना आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. त्यांच्या अंगात ताकद आहे हे खरं. पण सिलिंडर जर कॅरियरच्या वर उभा ठेवला असता तर ती ताकद पहिल्या सिग्नललाच कमी पडली असती. चालू सायकल कशीही तोलता येते हो. ती थांबवताना, उतरताना, ढकलताना, स्टँडवर चढवताना माणसाची परीक्षा होते, आणि तिथे ओझं जितकं खाली तितकं बरं.

सायकल बनवणाऱ्यांनाही मागच्या चाकाचं महत्त्व माहीत होतं. आपल्या जुन्या काळ्या सायकलींचे स्पोक कधी मोजलेत? घरी गेल्यावर मोजा. पुढच्या चाकाला 32, मागच्याला 40. हा फरक उगाच नाही. बसणाऱ्याचा आणि ओझ्याचा बहुतेक भार मागे येतो म्हणून मागे आठ तारा जास्त. शिवाय या सायकली लांब असतात, मागचं चाक सीटपासून दूर, त्यामुळे कॅरियरवरचं ओझं आसाच्या फार मागे जात नाही. कॅरियरचे पाय थेट आसाच्या नटाला लावलेले. 1950 च्या आसपास मद्रासला, लुधियान्याला, सोनिपतला हे कारखाने उभे राहिले आणि त्यांनी खेड्यातल्या माणसाच्या ओझ्याचा हिशेब धरून सायकली काढल्या. अ‍ॅटलस 1951 ची, हिरो 1956 ची. अ‍ॅटलसचा शेवटचा कारखाना 2020 च्या जूनमध्ये बंद झाला तेव्हा आमच्यातल्या एकाला घरातलं माणूस गेल्यासारखं वाटलं होतं. आता मुलांना हव्या असतात त्या गियरच्या, जाड टायरच्या सायकली. दिसायला झकास, पण कॅरियर नाही, मडगार्ड नाही, कधी कधी स्टँडसुद्धा नाही. म्हणजे ती सायकल फक्त माणसासाठी. मग पिशवी जाते कुठे? हँडलला.

आणि इथे आम्हाला आमच्या घरची गोष्ट सांगायची आहे. खरं तर हे भाषण त्यासाठीच आहे.

आमच्यापैकी एकाची मुलगी तेव्हा नववीत होती. शाळा लांब, बस दिवसातून मोजक्या, म्हणून सायकल. जुनी, बाजारातून घेतलेली, पुढची जाळीची टोपली केव्हाच तुटून गेलेली. दप्तर जड म्हणून तिची पाठ दुखायची. कर्नाटक सरकारने 2019 मध्ये दप्तराच्या वजनाची मर्यादा ठरवली, नववी-दहावीला चार ते पाच किलो. तिचं दप्तर आम्ही नंतर आमच्या किराणावाल्याच्या काट्यावर ठेवलं तर साडेसात भरलं. तर पोरीची पाठ दुखते म्हणून बापाने एके दिवशी आपल्या हाताने ते दप्तर हँडलला अडकवून दिलं. पट्टा मुठीला, दप्तर खाली लोंबतं. पाच-सहा दिवस ठीक गेले. मग एका उतारावर तिने डावीकडे वळण घेतलं, दप्तर झुललं, आणि त्याचा कोपरा पुढच्या चाकाच्या स्पोकमध्ये शिरून चिमट्याला अडकला. पुढचं चाक जागच्या जागी बंद. पुढचं चाक बंद झालं की सायकल थांबते, माणूस थांबत नाही. ती हँडलवरून पुढे फेकली गेली. मनगट मोडलं, हनुवटीला टाके पडले. मागून काही येत नव्हतं, हे नशीब.

सहा आठवडे प्लास्टर. त्यानंतर घरच्यांनी सायकल बंद केली. आजी म्हणाली, पोरीच्या जातीला कशाला हवी. बसने जाऊ दे. बस चुकली की शाळा बुडाली. पावसाळ्यात एका महिन्यात नऊ दिवस बुडाले. घरात हळूहळू बोलणं सुरू झालं की दहावीपर्यंत झालं तर झालं, नाहीतर घरी राहील. आणि बाप गप्प, कारण पिशवी त्यानेच अडकवली होती. रस्त्याने आमच्याबरोबर सायकल चालवायचा, पण कोणाशी बोलायचा नाही.

मंडळी, आपल्या राज्यात 2006-07 पासून आठवीच्या मुलामुलींना सायकली वाटण्याची योजना सुरू झाली तेव्हा गावोगावच्या मुली सायकलीवर शाळेला निघाल्या. ते दृश्य आम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे. सायकलीवरून पोरगी घराबाहेर पडली ती पडलीच, पुन्हा आत जात नाही. आणि इथे आमच्याच ओळीतली एक पोरगी साडेसात किलोच्या दप्तराच्या चुकीच्या जागेमुळे घरात बसायला निघाली होती. तेव्हा आम्ही पाच जणांनी ठरवलं, हे आपण दुरुस्त करायचं.

हँडल हे ओझ्यासाठी का नाही, ते जरा समजून घेऊ. सायकल उभी राहते ती हँडल सतत थोडं इकडे थोडं तिकडे वळवत राहिल्यामुळे. आपल्याला ते कळतही नाही, हात आपोआप करत असतात. त्या हँडलला एका बाजूला चार किलो लटकवले की हाताचं ते बारीक काम जड होतं. पिशवी झुलली की ती हँडलला आपल्या मनाप्रमाणे वळवते. म्हणजे दोघं जण एका हँडलला धरून आहेत, एक तुम्ही आणि एक साखर. कोणी म्हणेल, मुंबईचे डबेवाले तर हँडललासुद्धा डबे लटकवतात. खरं आहे. 1890 पासून ती माणसं हे काम करत आली आहेत आणि त्यांच्यापुढे बोलायची आमची लायकी नाही. पण बघा, त्यांचे डबे दोन्ही बाजूंना असतात, घट्ट बांधलेले, आखूड दोरीवर, चाकापासून लांब. आणि गर्दीत ते बहुतेक वेळा सायकल हातात धरून चालतात. आपण मात्र भाजीची लांबलचक पिशवी अडकवून उतारावर सोडतो.

पुढे सामान ठेवायचंच असेल तर टोपली बरी, आणि तीत हलकं सामान. इंग्लंडात खाटीक आणि पाववाले पोरांना ज्या सायकली देत, त्यांचं पुढचं चाक मुद्दाम लहान असायचं आणि टोपली हँडलला नव्हे तर सायकलच्या सांगाड्यालाच जोडलेली असायची. हँडल वळलं तरी टोपली सरळ. डेन्मार्कमध्ये तर शंभर एक वर्षांपासून अशी लांब सायकल आहे की हँडल आणि पुढचं चाक यांच्या मधे जमिनीलगत एक फळी असते, तिच्यावर पोरं, पोती, काहीही. या सगळ्यांचा हिशेब एकच, ओझं खाली आणि हाताच्या कामापासून वेगळं.

आमच्या पोरीसाठी आम्ही पडशी केली. हे थोडं तपशिलाने सांगतो, कुणाला करायची असेल तर. प्रथम तिच्या सायकलला आसाच्या नटाला बसणारा जाड सळीचा कॅरियर लावला. सीटच्या नळीला नुसता आवळायचा कॅरियर मिळतो तो घेऊ नका, तो ओझ्याने एका बाजूला फिरतो. मग ताडपत्रीच्या जाड कापडाच्या दोन पिशव्या, मध्ये वीतभर रुंद पट्टा, तो कॅरियरवर टाकायचा. चाकाच्या बाजूला पिशवीच्या आत पातळ प्लायची फळी घातली. ही फळी फार महत्त्वाची. ती नसली तर वजनाने पिशवीचं पोट फुगतं आणि पुन्हा तेच, कापड स्पोकमध्ये. पिशवीचा खालचा कोपरा जुन्या ट्यूबच्या पट्टीने कॅरियरच्या पायाला ओढून बांधला, म्हणजे खड्ड्यात उडणार नाही.

पहिल्याच दिवशी ती पाच मिनिटांत परत आली. म्हणे, पाय लागतो. पॅडल मारताना टाच मागे येते ती पिशवीला आपटत होती. आम्ही चार मोठ्या माणसांनी मापं घेतली होती, पण पिशव्या लावून सायकल कोणी चालवूनच पाहिली नव्हती! मग पट्टा चार बोटं मागे सरकवला. फार मागे सरकवला तर दुसरं संकट येतं. वजन आसाच्या मागे गेलं की चढावर पुढचं चाक हलकं पडतं आणि सायकलचं शेपूट हलायला लागतं. तेव्हा टाच लागणार नाही इतपतच मागे, त्याहून नाही. पावसासाठी आत खताच्या गोणीतली प्लास्टिकची पिशवी, तोंड दोनदा दुमडून. वह्या एकीकडे, पुस्तकं दुसरीकडे, डबा ज्या बाजूला हलकं असेल तिथे. शिलाई, कापड, प्लाय सगळं मिळून दोनशे रुपयांच्या आत झालं, कॅरियर सोडून.

बांधण्याबद्दल दोन शब्द. आपल्याकडे ट्यूबची पट्टी म्हणजे सर्व रोगांवर औषध. ती चांगली, पण ताणते. हलकं आणि फुगीर सामान तिने बांधावं. जड सामान ट्यूबने बांधलं तर प्रत्येक खड्ड्याला ते एक उडी मारतं आणि दर उडीला जरासं सरकतं. जड सामानाला आधी दोरी, मग वरून ट्यूब. सुती दोरी किंवा सुतळी पावसात भिजून आवळते आणि वाळली की सैल पडते. हे ज्याने कोरडी गाठ मारून पावसातून सायकल आणली आणि दुसऱ्या दिवशी उन्हात बटाटे रस्त्यावर वेचले त्याला विचारा. तो आमच्यातच आहे. आणि दोरीचं सुटं टोक नेहमी खोचून टाका. लोंबतं टोक चेनमध्ये किंवा स्पोकमध्ये गेल्याशिवाय राहत नाही.

गोव्याचे पोदेर तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिलेत, आपल्या निम्म्या सोयरिकी तिकडच्याच. भोंगा वाजवत पहाटे येतो, मागे ही मोठी टोपली, वर निळं प्लास्टिक. आमच्या नियमाच्या अगदी उलट, ओझं वर आणि रुंद. पण पाव, उंडे, पोळी यांचं वजन ते किती! हलकं सामान वर चाललं तरी हरकत नाही. त्याला त्रास असतो तो वाऱ्याचा आणि पाय टाकून चढण्याचा.

या पाय टाकण्याचीही एक गंमत आहे. मागे उंच सामान असलं की कॅरियरवरून टांग टाकून बसता येत नाही. पंचविशीत आम्ही सायकल वाकडी करून कसेबसे चढायचो. चाळिशीनंतर पँटच्या शिवणीवर विश्वास राहिला नाही. याला सोपा उपाय म्हणजे दांडी नसलेली, आपण जिला लेडीज सायकल म्हणतो ती. पण पुरुष माणूस लेडीज सायकलीवर? आमच्यातल्या एकाने बायकोची सायकल न्यायला सुरुवात केली तेव्हा चहाच्या टपरीवर महिनाभर हसले. आज पाचांपैकी तिघांकडे तीच आहे. दुसरी गरजेची गोष्ट म्हणजे दोन पायांचा स्टँड. एका पायाच्या स्टँडवर भरलेली सायकल उभी केली की ती आडवी होणारच, विशेषतः पावसाने मऊ झालेल्या मातीत. स्टँडखाली एक चपटा दगड ठेवायची सवय लावा.

उतारावर वजनाचा हिशेब सोडू नका. माणूस पासष्ट किलो आणि सायकल वीस, असे पंच्याऐंशी. त्यात वीस किलो वाढले की थांबवायचं ओझं जवळजवळ चौथ्या हिश्शाने वाढलं. त्यात जुन्या सायकलची लोखंडी रिम ओली असली की ब्रेक काही वेळ धरतच नाही. आम्ही पावसात उतार लागायच्या आधीच ब्रेक हलके दाबून रिम पुसून घेतो. मागच्या चाकात हवा नेहमीपेक्षा थोडी जास्त, नाहीतर खड्ड्यात रिमच दगडावर बसते. आणि चढ फार खडा असेल तर उतरून ढकला, त्यात कमीपणा नाही. 1954 मध्ये व्हिएतनामी लोकांनी दिएन बिएन फूच्या लढाईला डोंगरातून माल नेला तो बराचसा सायकलींवरून. एकेका सायकलवर दोनशे किलो आणि त्याहून जास्त. पण त्यावर कोणी बसत नव्हतं. हँडलला बांबूची काठी बांधून ते लांब करायचे, सीटच्या जागी दुसरी काठी उभी, आणि बाजूने चालत ढकलायचे. फ्रेंचांच्या पराभवात फ्रेंच कंपनीच्या सायकलींचा हात होता, हा त्यातला विनोद.

आवाजाबद्दल आमच्यात अजून एकमत नाही. कॅरियरवर पत्र्याचा डबा खडखडला की एक जण म्हणतो बरं आहे, रस्त्यात गवा उभा असेल तर त्याला आधी कळतं. दुसरा म्हणतो, गव्याला कळून तो बाजूला होईलच असं कोणी लिहून दिलं आहे का? संध्याकाळी रानातून येताना आपल्यालाही काही ऐकू यायला हवं. आम्ही सध्या डब्याखाली गोणपाट घालतो. पुढे काय होईल ते बघू.

मुलीचं काय झालं ते सांगायचं राहिलं. पडशी लावल्यावर पहिले आठ दिवस तिचा बाप तिच्या मागोमाग सायकल चालवत शाळेपर्यंत गेला, आणि मग ऑफिसात उशिरा पोचून बोलणी खाल्ली. नवव्या दिवशी तिनेच सांगितलं, बाबा, तुम्ही मागे असलात की मला उगाच भीती वाटते. त्यानंतर ती एकटी जायला लागली. दहावीचं वर्ष तिने सायकलवरूनच पार पाडलं. यंदा तिने आमची पडशी उसवून पुन्हा शिवली. आमचे पट्टे तिला आवडले नव्हते. तिने कॅरियरला अडकायला दोन आकडे लावले आहेत, गवळ्यांच्यासारखे, म्हणजे शाळेत पोचल्यावर पडशी काढून वर्गात नेता येते. हे आमच्या डोक्यात आलंच नव्हतं.

या चवथीला माटोळीचं सामान आणायला आम्ही सगळे बाजारात गेलो होतो. गणपतीची मूर्ती आम्ही कधी सायकलवर बांधत नाही, ती हातातच यायची. पण केळीचा घड, सुपारीचं शिपटं, काकड्या, नारळ हे सगळं सायकलवरून येतं. तिच्याकडे नारळ होते पंधरा. सात एका खिशात, सात दुसऱ्या खिशात गेले. पंधरावा हातात घेऊन तिने जरा विचार केला, हँडलकडे एकदा पाहिलं, आणि आमच्याकडे वळून म्हणाली, "काका, हा तुमच्या पडशीत टाका. डावीकडे. तुमची डावी बाजू हलकी आहे."